जुन्या मोटारीतील टकटकणारा इंधनपंप

प्रीमियर पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड किंवा पुढच्या काळातील अ‍ॅम्बेसिडर अशा मोटारींमध्ये कारखान्यातून बसून येणारा इंधनपंप यांत्रिक असे. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील एका उंचवट्याने त्याची दांडी हलत राही आणि त्या हालचालीने आतला रबरी पडदा, ज्याला डायफ्रॅम म्हणतात, टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे ढकलत असे. त्याचा आवाज इंजिनाच्या आवाजात विरून जाई आणि गाडीत पंप नावाची काही वस्तू आहे याची जाणीव मालकाला तो बिघडल्याशिवाय होत नसे. गेल्या काही वर्षांत या यांत्रिक पंपाच्या जागी विजेवर चालणारा छोटा पंप बसवून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. गाडी त्यामुळे लवकर सुरू होते आणि उन्हात बंदही पडत नाही, परंतु मागच्या सीटखालून अखंड टकटक, घरघर किंवा बारीक शिट्टीसारखा सूर ऐकू येऊ लागतो. हा आवाज कशाने होतो, त्यातला कितपत स्वाभाविक आणि कितपत दोषाचा, आणि तो कमी करताना काय करावे व काय टाळावे, याचा विचार येथे प्रामुख्याने सोलापूर आणि परिसरातील हवामान, इंधन आणि गॅरेजांतील पद्धती लक्षात घेऊन केला आहे.

पद्मिनी आणि सोलापूर यांचा संबंध केवळ उन्हाळ्यापुरता नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला आणि त्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून, त्यांच्या निधनानंतर, फियाट ११०० आणि पुढे तिचेच रूप असलेली पद्मिनी बाहेर पडली. त्यामुळे या शहरात ती गाडी जपणाऱ्यांना तिच्याविषयी थोडी घरची माया वाटत असेल तर नवल नाही. मात्र ज्या इटालियन आराखड्यावरून ती उतरली तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मे महिन्यातले सोलापूर नव्हते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, आणि सोलापुरात बाहेरच्या सावलीतले तापमानच उन्हाळ्यात ४२ अंशांच्या पुढे जाते. यांत्रिक पंप तर तापलेल्या इंजिनाच्या अंगावरच बोल्टने आवळलेला असतो. गाडी दहा मिनिटे थांबवली की पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होते, द्रव ढकलण्यासाठी बनलेला पडदा ती वाफच दाबत-सोडत राहतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके टाकण्याचा जुन्या चालकांचा उपाय शास्त्राला धरूनच होता. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून पंपातली उष्णता घेऊन जाते, त्यामुळे हा उपाय मुंबईच्या दमट हवेपेक्षा सोलापुरात अधिक चालतो.

यावरून एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. विजेचा पंप घेण्यापूर्वी तो खरोखर हवा आहे का, हे तपासणे शहाणपणाचे ठरते, कारण जो पंप बसवलाच नाही त्याचा आवाज कमी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. यांत्रिक पंपाचा पडदा आणि झडपा नव्या घातल्या, पंप आणि इंजिन यांच्यामधली उष्णता अडवणारी जाड बेकेलाइटची चकती जागेवर ठेवली आणि पेट्रोलची धातूची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवली, तर पुष्कळ पद्मिनी उन्हाळाभर तक्रार न करता चालतात. ही चकती दुरुस्तीच्या वेळी काढून टाकलेली आणि तिच्या जागी नुसते कागदी पॅकिंग लावलेले अनेक गाड्यांत आढळते. व्हेपर लॉकचा दोष मग पंपावर येतो.

विजेचा पंप बसवायचाच असेल, किंवा बसलेलाच असेल, तर त्याचा प्रकार ओळखणे ही पहिली पायरी होय, कारण प्रत्येक प्रकाराचा स्वाभाविक आवाज निराळा असतो. मॉरिस मायनर, एमजी यांसारख्या ब्रिटिश गाड्यांत मुळातूनच येणारा एस.यू. पंप हा वीजचुंबकावर चालतो. चुंबकाने पडदा ओढला की पेट्रोल आत येते, पडदा टोकाला पोहोचला की संपर्काचे पॉइंट उघडून वीज तुटते आणि मग स्प्रिंग त्या पडद्याला परत ढकलून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे पाठवते. प्रत्येक ढकलण्यामागे एक टक असा स्पष्ट आवाज येतो. कार्ब्युरेटरमधील फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठवणारी छोटी वाटी, भरली की पेट्रोलला पुढे जायला जागा उरत नाही आणि पंप आपोआप थबकतो. म्हणून चावी फिरवल्यावर सुरुवातीला भराभर टकटक होऊन नंतर शांतता, आणि इंजिन चालू असताना सावकाश अधूनमधून टक, हे निरोगी एस.यू. पंपाचे लक्षण आहे आणि ते बंद करण्याच्या मागे लागू नये. वाटी भरून पंप थबकल्यावर, इंजिन बंद आणि चावी चालू असताना अर्धा-एक मिनिट तरी टक ऐकू येता कामा नये. त्याआधीच तो टकटकत असेल तर पेट्रोल कोठेतरी निसटते आहे, आत हवा शिरते आहे किंवा पंपाची झडप नीट बसत नाही.

बाजारात आज सर्वांत सहज मिळतो तो चौकोनी डबीसारखा इलेक्ट्रॉनिक पंप. त्यात पॉइंट नसतात. वीजचुंबकाने एक छोटा दट्ट्या सेकंदाला अनेक वेळा पुढेमागे होतो आणि त्याचा आवाज जलद कटकट किंवा घरघर असा येतो. वाटी भरल्यावर त्याचा वेग मंदावतो, पण एस.यू.प्रमाणे तो गप्प बसत नाही. तिसरा प्रकार फिरत्या पात्यांचा, म्हणजे रोटरी व्हेन पंप. तो न थांबता फिरतो, त्याचा आवाज सलग गुणगुणीचा किंवा शिट्टीचा असतो आणि तो प्रामुख्याने मोठ्या, ताकदवान इंजिनांसाठी बनलेला असतो. याखेरीज एक चौथा प्रकार काही गॅरेजांत केवळ हाताशी असतो म्हणून बसवला जातो, तो म्हणजे एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या, गाडीच्या टाकीतला पंप. त्याचा दाब सुमारे ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या वर असतो आणि पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला २ ते ३.५ पीएसआय पुरतात. असा पंप कितीही स्वस्तात मिळाला तरी कार्ब्युरेटरच्या गाडीत तो घालू नये. फ्लोटची सुई एवढा दाब पेलू शकत नाही, पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर येते आणि मग प्रश्न आवाजाचा उरत नाही.

क्षमतेचा हिशेबही येथेच करून टाकावा. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पूर्ण ताकदीने राबवले तरी तासाला साधारण १२ लिटर पेट्रोल घेईल, म्हणजे मिनिटाला पाव लिटरहूनही कमी. पुण्याच्या रस्त्याला मोहोळ-टेंभुर्णीच्या सपाटीवर ताशी ६० किलोमीटरने जाताना, लिटरला १५ किलोमीटर धरल्यास, हीच गरज तासाला ४ लिटरवर येते. तासाला १०० लिटर देणारा पंप या गाडीला घातला तर तो जवळजवळ सर्व वेळ बंद दारावर धडका देत राहतो आणि त्याचा प्रत्येक ठोका नळीतून, पत्र्यातून कानापर्यंत पोहोचतो. मोठा पंप म्हणजे चांगला पंप ही समजूत आवाजाच्या तक्रारींच्या मुळाशी फार वेळा असते. कमी दाबाचा, कमी प्रवाहाचा पंप निवडणे हा आवाजावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण तो खरेदीच्या आधी सुचावा लागतो.

बसवलेला पंप आवाज करत असेल तर आवाज दाबण्याच्या मागे लागण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे. त्यासाठी काही साध्या चाचण्या पुरतात. पहिली हाताची: पंपाचे बोल्ट सोडून, नळ्या, तारा व अर्थिंगची जोडणी तशीच ठेवून, चालू पंप हातात धरावा. हातात घेताच आवाज एकदम पडला तर दोष पंपात नाही, तो ज्या ठिकाणी आवळला होता तेथे आहे. हातातही तो तितकाच कर्कश असेल तर पंपाच्या आतील किंवा पेट्रोलच्या वाटेवरील कारण शोधावे. दुसरी चाचणी टाकीच्या झाकणाची: पंप चालू असताना झाकण उघडावे, आणि फुस्स असा आवाज येऊन पंपाचा सूर लगेच खाली आला तर झाकणाचे श्वासछिद्र धुळीने बुजले आहे असे समजावे. पेट्रोल जसे कमी होते तशी टाकीत हवा यावी लागते. ती न आल्यास टाकीत पोकळी तयार होते आणि पंप त्या पोकळीशी झगडत ओरडतो. तिसरी चाचणी वेळेची असून ती सर्वांत बोधक आहे. सकाळी थंड गाडीत आणि दुपारी तापलेल्या गाडीत, टाकी भरलेली असताना आणि तळाला आलेली असताना, असा चारदा आवाज ऐकावा. दुपारी आणि रिकाम्या टाकीत तो वाढत असेल तर पंपाला ओढायला जड जाते आहे, हे जवळजवळ निश्चित होते.

ओढायला जड जाणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण आवाजाच्या निम्म्याहून अधिक तक्रारी तेथे सुटतात. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब वातावरणाहून कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रवाचा उत्कलनबिंदूही खाली येतो; त्यामुळे जे पेट्रोल टाकीत शांत असते तेच पंपाच्या तोंडाशी येईपर्यंत उकळू लागते, त्याचे बुडबुडे होतात आणि ते बुडबुडे पंपात दाबाखाली फुटतात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात आणि तिचा आवाज बारीक खडे घोळल्यासारखा, खरखरीत असतो. तो केवळ त्रासदायक नाही, तर पंपाचे आतले भाग खाणारा आहे. ओढीच्या बाजूचा प्रत्येक अडथळा हे कॅव्हिटेशन वाढवतो: टाकीतली गंजाने बुजलेली जाळी, नको तेथे चिमटलेली नळी, फार अरुंद नळी, पंप टाकीच्या पातळीपासून उंच असणे, आणि सर्वांत नित्याचे म्हणजे पंपाच्या आधी लावलेला बारीक कागदी फिल्टर. फिल्टरचा योग्य क्रम असा की पंपाच्या आधी कचरा अडवण्यापुरती भरड जाळी असावी आणि बारीक कागदी फिल्टर पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या बाजूला असावा, कारण इंधनपंप ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चा असतो.

याच कारणाने पंपाची जागा महत्त्वाची ठरते. बॉनेटखाली, बॅटरीच्या जवळ, जुन्या पंपाच्या शेजारी तो बसवणे मिस्त्रीला सोपे जाते. पण तेथे त्याला मागच्या टाकीपासून सर्व लांबीची नळी ओढावी लागते आणि शिवाय इंजिनाची धग सोसावी लागते, म्हणजे ज्या व्हेपर लॉकसाठी तो घेतला तो तसाच राहतो आणि आवाज मात्र नवा येतो. काही जुने एस.यू. पंप बॉनेटखाली बसण्यासाठीच बनलेले आहेत, त्यांना हा नियम लागू नाही. बाकी पंप मागे, टाकीच्या जवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीवर किंवा किंचित खाली, सायलेन्सरच्या नळीपासून दूर आणि बाहेर जाणारे तोंड वरच्या बाजूला ठेवून बसवावा, म्हणजे आत आलेला बुडबुडा अडकून न राहता पुढे निघून जातो. चाकाच्या थेट मागची जागा मात्र टाळावी. पावसाळ्यात बार्शी किंवा मंगळवेढ्याकडच्या आडरस्त्यांवरची काळी माती तेथे थरावर थर बसते, वाळते, पंपाची उष्णता कोंडते आणि तारांच्या जोडांत ओल धरून ठेवते.

हवा शिरणे हे ओढीच्या बाजूचेच दुसरे दुखणे. ढकलण्याच्या बाजूला जोड सैल असेल तर पेट्रोल गळते आणि दिसते. ओढीच्या बाजूला तो सैल असेल तर पेट्रोल बाहेर न येता हवा आत जाते, त्यामुळे खाली ठिपकाही पडत नाही आणि पंप मात्र अखंड भराभर टकटकतो. पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की जाणारे बुडबुडे डोळ्यांना दिसतात; निदान झाल्यावर तो तुकडा काढून टाकावा, कारण अशा नळ्या पेट्रोलने लवकरच कडक होऊन तडकतात.

रबरी नळ्यांचा विषय आता पूर्वीपेक्षा अधिक गंभीर झाला आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि आज पंपावर सर्वसाधारणपणे तेच मिळते. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे आणि इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊसच असल्याने हा बदल जिल्ह्याच्या अर्थकारणाला लाभाचा आहे. १९७० च्या दशकात घडलेल्या रबराला मात्र तो मानवत नाही. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, त्याच्या आतल्या पापुद्र्याचे तुकडे सुटून पंपाच्या झडपेत अडकतात आणि झडप पुरती न मिटल्याने पंप थांबेनासा होतो. इथेनॉल हवेतली ओलही शोषून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिल्यास टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो आणि तो गंज पुन्हा जाळी बुजवतो. म्हणून पंपाच्या आवाजाची तक्रार आली की पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या, त्या किती जुन्या आहेत याचा वाद न घालता, बदलाव्यात आणि नव्या नळीवर एसएई जे३० आर९ ही खूण असल्याचे पाहून घ्यावे. ही नळी इथेनॉलला टिकते. एस.यू. पंपाचा पडदाही इथेनॉलसाठी बनवलेला मिळतो.

ओढीची बाजू निर्दोष करूनही आवाज उरतो तो बहुधा बसवण्याच्या पद्धतीचा असतो. ध्वनी कानापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो: हवेतून आणि घन पदार्थातून. सोलापुरातील पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा भेद पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट खिडकी लावली की कमी होतो, पण त्याचा ठोका जमिनीतून आणि सामाईक भिंतीतून खाटेपर्यंत येतच राहतो आणि त्यावर खिडकीचा काही इलाज चालत नाही. इंधनपंपाचेही असेच आहे. पंप स्वतः मुठीएवढा, त्याने हलवलेली हवा अत्यल्प. पण तो डिकीच्या किंवा सीटखालच्या रुंद, पातळ पत्र्याला आवळला की तो सगळा पत्रा कंप पावून आवाज मोठा करतो. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसिडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नसून पत्र्याचा सांगाडा हीच गाडीची चौकट आहे, त्यामुळे एका ठिकाणी दिलेला ठोका छपरापर्यंत जातो. पंप नेहमी जाड, पेटीसारख्या घडीच्या आडव्या पट्टीला किंवा दोन पत्रे जोडून जेथे कडकपणा आला आहे अशा ठिकाणी बसवावा. बोटाने टिचकी मारल्यावर जेथे पत्रा वाजत नाही ती जागा योग्य.

पंप आणि पट्टी यांच्यामध्ये रबर घालावे हे सर्वांना ठाऊक असते, परंतु ते कसे घालावे याबद्दल बराच गैरसमज आहे. टायरचा तुकडा मध्ये ठेवून त्याच्या आरपार लोखंडी बोल्ट घट्ट आवळला, तर ठोका रबरातून न जाता बोल्टमधून सरळ पत्र्यात जातो आणि ते रबर असून नसल्यासारखेच होते. दोन्ही टोकांना स्वतंत्र आटे असलेले, मधे कोठेही धातू सलग नसलेले रबरी माउंटिंग वापरणे आवश्यक आहे. दुसरी बाब रबराच्या मऊपणाची. रबरावर टांगलेल्या कोणत्याही वस्तूची स्वतःची एक कंपनगती असते, आणि येणारे ठोके त्या गतीच्या सुमारे दीडपटीहून अधिक वेगाचे असतील तरच रबर त्यांना अडवते. त्याखाली ते त्यांना अडवत नाही, उलट वाढवू शकते. पंपाचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि इतक्या हलक्या वस्तूखाली इंजिन-माउंटिंगसारखे कडक रबर दिले तर ते दबतच नाही. उपाय दोन आहेत आणि ते एकत्र केल्यास फरक ताबडतोब जाणवतो: रबर मऊ घ्यावे आणि पंपाचे वजन वाढवावे. अक्कलकोट रस्त्याच्या किंवा अन्य कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनच्या कामशाळेत ८ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचा साधारण १.५ किलो भरेल असा तुकडा कापून घ्यावा, पंप त्या पट्टीला घट्ट आवळावा आणि ती पट्टी चार मऊ रबरी माउंटिंगांवर गाडीला जोडावी. सायलेन्सर टांगण्याची रबरी कडी यासाठी स्वस्तात चालून जाते, मात्र ते रबर पेट्रोलला टिकणारे नसल्याने त्यावर गळती होऊ देता कामा नये. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळण्याचा सर्रास चालणारा प्रकार याच कारणाने टाकाऊ आहे. माउंटिंग सुटले तरी पंप रस्त्यावर पडू नये म्हणून पट्टीला एक सैल साखळी किंवा तारेचा फासही असावा.

रबरावर बसवलेल्या पंपाच्या बाबतीत एक चूक इतक्या वेळा होते की ती स्वतंत्रपणे नोंदवली पाहिजे. अनेक पंपांची विजेची परतीची वाट त्यांच्या धातूच्या अंगातून गाडीच्या पत्र्यात जाते. रबर घातल्याबरोबर ही वाट तुटते आणि पंप एकतर बंद पडतो किंवा पेट्रोलच्या नळीवरच्या धातूच्या वेष्टनासारख्या नको त्या वाटेने वीज शोधू लागतो. म्हणून पंपाच्या अंगापासून सांगाड्यापर्यंत वेगळी, लवचिक अर्थिंगची तार देणे अनिवार्य आहे. चालू पंपाच्या टोकांवर मीटर लावून मिळणारा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असेल तर जोड गंजलेले आहेत असे समजून ते घासून घ्यावेत. मधे रोधक घालून पंपाचा वेग आणि आवाज कमी करण्याची युक्ती फिरत्या पात्यांच्या पंपात एक वेळ चालते. वीजचुंबकाच्या पंपात ती करू नये, कारण अपुऱ्या दाबाने दट्ट्या अर्ध्या वाटेवर अडतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते आणि आधुनिक इलेक्ट्रॉनिक पंप बहुधा ऋण टोक पत्र्याला आहे असे गृहीत धरून बनवलेले असतात. उलट जोडणीने ते क्षणात जळतात.

रबरावर तरंगणाऱ्या पंपाला धातूच्या ताठ नळ्या जोडल्या तर सर्व श्रम वाया जातात, कारण ठोके माउंटिंग सोडून नळीतून जातात. दोन्ही बाजूंना २० ते ३० सेंटिमीटर रबरी नळी सैलसर वळण देऊन जोडावी. पुढच्या बाजूचे वळण पेट्रोलमधले दाबाचे धक्केही काही प्रमाणात गिळते. पुढे जाणारी धातूची नळी पत्र्याला कोठेही घासता कामा नये आणि तिला हातभर अंतरावर रबर लावलेले क्लिप असावेत. कित्येकदा पंपाचा म्हणून समजला गेलेला आवाज हा सुटलेल्या एका क्लिपमुळे गाडीच्या मजल्यावर आपटणाऱ्या नळीचा असतो.

आवाज कोंडण्यासाठी पंपाभोवती स्पंज, थर्माकोल, गोधडीचा तुकडा गुंडाळण्याचा मोह अनेकांना होतो. सोलापूर चादरींचे शहर असले तरी हा उपाय येथेही निषिद्ध मानावा. पंप आतून जाणाऱ्या पेट्रोलने आणि बाहेरच्या हवेने थंड राहतो. वेष्टनाने ती हवा तुटते आणि गळती झालीच तर कापड पेट्रोल पिऊन वातीसारखे तयार राहते. डिकीच्या तळाला आतून ध्वनिशोषक चादर चिकटवणे, म्हणजे पत्र्याचे कंपन कमी करणे, वेगळे आणि चालण्यासारखे आहे.

यांत्रिक पंप जागेवर ठेवून त्याच्यामागे विजेचा पंप मालिकेत जोडणे हाही एक प्रचलित धोका आहे. यांत्रिक पंपाचा जुना पडदा फाटला तर विजेचा पंप न थांबता पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात सोडत राहतो, आणि पातळ झालेल्या तेलाने बेअरिंगे जातात. यांत्रिक पंप काढून त्या भोकावर पॅकिंगसह धातूची झाकणपट्टी बसवावी. विजेच्या पंपाला रिले आणि योग्य फ्यूज द्यावा, आणि अपघाताच्या धक्क्याने वीज तोडणारा इनर्शिया स्विच अवश्य घालावा. यांत्रिक पंप इंजिन बंद होताच आपोआप थांबे, विजेचा पंप मात्र चावी चालू असेपर्यंत तुटलेल्या नळीतूनही पेट्रोल फेकत राहतो.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी बॅटरीची तार आधी काढावी, टाकी शक्य तितकी रिकामी असावी, काम मोकळ्या हवेत व्हावे आणि पावडरचे अग्निशामक हाताच्या अंतरावर असावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते. तारेचा उघडा बल्ब घेऊन त्या खड्ड्यात उतरण्याची सवय जेथे आहे तेथे हे काम देऊ नये. जोडणी पूर्ण झाल्यावर कार्ब्युरेटरकडची नळी मोजपात्रात सोडून एक मिनिट पंप चालवावा: अर्धा लिटर पेट्रोल, बुडबुड्यांवाचून, सलग धारेने मिळाले तर या इंजिनासाठी ते दुप्पट पुरेसे आहे. त्यानंतर दाबमापक लावून दाब पाहावा आणि तो ३.५ पीएसआयच्या वर असेल तर रेग्युलेटर बसवावा. फ्लोटची सुई झिजलेली असल्यास पंप थांबत नाही आणि धुराला काळसरपणा व पेट्रोलचा वास येतो. तो दोष पंप बदलून जात नाही, सुई बदलावी लागते.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सर्व क्लिप पुन्हा आवळावेत, कारण नवी रबरी नळी दबून बसते आणि ओढीच्या बाजूला हवा शिरण्याचा धोका याच काळात अधिक असतो. रबरी माउंटिंगांची तपासणी दर उन्हाळ्याच्या अखेरीस करावी. उष्णतेने त्यांना पडणाऱ्या बारीक भेगा पावसाळ्यापूर्वी दिसून येतात. काढलेला यांत्रिक पंप मात्र भंगारात देऊ नये. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि पद्मिनीच्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. मूळ पंप, त्याची दांडी आणि बेकेलाइटची चकती तेल लावून, कागदात गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.